मिसिसिपीचे सोळा छेद : दहा-बारा वर्षांत सरळ केलेल्या नदीचा हिशेब

पार्श्वभूमी

गाळाच्या सपाट प्रदेशात नदी सरळ वाहत नाही. वळणाच्या बाहेरच्या काठावर पाण्याचा जोर असतो, तिथे काठ ढासळतो. आतल्या काठाशी पाणी मंदावते, तिथे वाळू साचते. वळण फुगत जाते, त्याची मान, म्हणजे दोन टोकांमधली जमिनीची पट्टी, अरुंद होत जाते आणि एखाद्या पुरात नदी ती मान फोडून सरळ निघून जाते. मागे नालाकृती सरोवर उरते. नदी हे आपणहून करते तेव्हा एकीकडे तिची लांबी घटते, पण त्याच काळात दुसरीकडे वळणे वाढत असतात. एकूण लांबीत फारसा फरक पडत नाही.

हेच काम माणसाने ठरवून, एकापाठोपाठ एक, थोड्या वर्षांत केले तर काय होते? याचे फार मोठे आणि बऱ्यापैकी मोजमाप झालेले उदाहरण अमेरिकेच्या लोअर मिसिसिपीवर आहे. मेम्फिसपासून रेड नदीच्या मुखापर्यंतच्या टप्प्यात १९२९ ते १९४२ या काळात एकूण १६ छेद झाले, म्हणजे वळणांच्या माना तोडून सरळ वाटा झाल्या. १९२९ सालचा युकाटनचा छेद नदीने स्वतः घेतला होता. बहुतेक छेद मात्र अभियंत्यांनी घातले. नदीची लांबी सुमारे १५० मैलांनी, म्हणजे जवळपास २४० किलोमीटरने कमी झाली.

याआधीचे दोन अनुभव समोर होते. १८३१ साली कॅप्टन हेन्री श्रीव्ह यांनी लुइझियानातील टर्नबुल बेंड या वळणाच्या मानेतून छेद काढला. हेतू साधा होता, बोटींचा फेरा वाचवायचा. रेड नदी या वळणात येऊन मिळत असे आणि अचाफलाया नदी तिथूनच फुटत असे. छेदानंतर जुन्या वळणाची वरची बाजू गाळाने भरली, खालची बाजू ‘ओल्ड रिव्हर’ या नावाने जोडणी म्हणून उरली. पुढे अचाफलायाच्या वरच्या पात्रात अडकलेला ओंडक्यांचा प्रचंड खच काढला गेला आणि समुद्राकडे जाणारा तो जवळचा, जास्त उताराचा रस्ता मिसिसिपीचे पाणी ओढू लागला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अख्खी नदीच तिकडे वळेल अशी भीती उभी राहिली. १९५४ साली अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) नियंत्रणाच्या कामाला मंजुरी दिली, १९६३ साली ओल्ड रिव्हरची नियंत्रक बांधकामे वापरात आली आणि १९७३ च्या पुरात त्यांतले एक कोसळण्याच्या बेतात आले. एका छेदाचे देणे १३० वर्षांनी असे समोर आले. अर्थात यातले बरेचसे १९३० च्या दशकात कोणाला दिसणे शक्य नव्हते.

दुसरा अनुभव मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्सबर्गचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२-६३ मध्ये, उत्तरेच्या सैन्याने शहरासमोरच्या भूशिरातून कालवा खणून नदी वळवायचा प्रयत्न केला. कालव्याचे मुख प्रवाहाच्या जोरात नव्हते. पाणी शिरायचे पण खणायचे नाही. काम सोडून द्यावे लागले. मग १८७६ साली नदीने जवळच्याच भागातून आपली वाट आपण फोडली आणि शहराचे बंदर गाळात अडकले. बंदराला पुन्हा पाणी मिळायला १९०३ साली याझू नदी कालव्याने वळवावी लागली. छेद चालेल की नाही हे खणलेल्या मातीच्या घनमीटरांवर ठरत नाही. प्रवाह कुठून येतो आणि मुख कुठे आहे, यावर ते ठरते.

१८७९ साली स्थापन झालेल्या मिसिसिपी रिव्हर कमिशनचे धोरण अनेक दशके छेदांच्या विरोधात होते. वळण फुटू नये म्हणून मानेवर पैसा खर्च केला जात असे. काठ बिथरतात आणि खालच्या गावांवर पाणी लवकर येते, ही दोन कारणे दिली जात.

अडचण

एप्रिल १९२७ मध्ये ग्रीनव्हिलच्या वरच्या बाजूला माउंड्स लँडिंग येथे बांध फुटला. त्या मोसमात एकूण सुमारे २७,००० चौरस मैल जमीन पाण्याखाली गेली आणि सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. ‘फक्त बांध’ या धोरणाचा भरवसा तिथे संपला.

१९२८ च्या पूरनियंत्रण कायद्याने बांधांसोबत पूरवाहिन्यांची योजना आणली, म्हणजे पाणी ठरलेल्या सखल पट्ट्यातून मुद्दाम सोडायचे. न्यू ऑर्लिन्सच्या वर बॉनेट कॅरे सांडवा १९३१ मध्ये पूर्ण झाला. मधल्या टप्प्यात, आर्कान्सा नदीच्या मुखाखाली, बफ पूरवाहिनी ठरली होती आणि पेच तिथे पडला. ज्यांच्या शेतातून पाणी जाणार होते त्यांनी भरपाईचा प्रश्न काढला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९३९ साली निकाल सरकारच्या बाजूने लागला खरा, पण तोवर त्या पट्ट्याचे राजकारण पुरते बदलले होते.

थोडक्यात, १९३२ साली अभियंत्यांपुढचा प्रश्न असा होता : मधल्या टप्प्यात पुराची पातळी काही फुटांनी खाली आणायची, आणि ती शक्यतो शेतजमीन न बुडवता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बांध आणखी उंच करण्याचा. हे दिसायला सोपे असते. समजा बांधाचा माथा ८ मीटर रुंद, दोन्ही बाजूंचा उतार १:३ आणि उंची ८ मीटर. बांधाच्या आडव्या काटाचे क्षेत्रफळ २५६ चौरस मीटर होते. उंची १० मीटर केली की तेच ३८० होते. उंची चौथाईने वाढली, माती जवळपास दीडपट लागली. तळही १२ मीटरने रुंदावतो, म्हणजे भूसंपादन आले. खाली मऊ चिकणमाती असेल तर पाया सरकतो. वाळू असेल तर बांधाच्या मागे पाण्याचे झरे उकळू लागतात. शिवाय बांध जितका उंच तितकी फुटल्यावरची हानी मोठी.

दुसरा पर्याय वरच्या खोऱ्यांत धरणे. ती लांब होती आणि मधल्या टप्प्यावरचा परिणाम अंतराने विरळ होत जाणार होता. तिसरा पूरवाहिन्यांचा, जलशास्त्राच्या दृष्टीने हा सर्वांत स्वच्छ उपाय होता, कारण त्यात नदीच्या पात्राला हात लागत नाही, फक्त पुराच्या शिखराचे पाणी बाजूला काढले जाते. पण जमीनमालकांचा विरोध तिथेच होता.

चौथा पर्याय छेदांचा. १९२९ साली युकाटन येथे नदीने मान फोडली, तेव्हा ती पूर्वीसारखी अडवली गेली नाही. अनर्थ झाला नाही. १९३२ साली कमिशनचे अध्यक्ष झालेले हार्ली फर्ग्युसन यांचे म्हणणे होते की लांब वेटोळ्यांमुळे नदीची वहनशक्ती वाया जाते; ती सोडवली तर नदी आपला पूर आपणच वाहून नेईल. जुन्या धोरणाला इतका सरळ छेद देणे धाडसाचे होते.

पहिला निर्णयबिंदू हाच. एका नैसर्गिक छेदाचा तीन वर्षांचा अनुभव हा पुरावा आहे, पण तोकडा. एक वळण तुटले की आसपासच्या लांब पात्रात बदल पसरून जातो आणि दिसत नाही. सोळा वळणे तुटली की तो पसरायला जागा उरत नाही.

उताराचा हिशेब

पुढचे सगळे या गणितावर उभे आहे, म्हणून थोडे थांबू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण मिसिसिपीच्या उताराच्या जवळपासचे आहेत.

वळणाची लांबी २० किलोमीटर, पाण्याचा उतार किलोमीटरला ८ सेंटिमीटर. वळणाच्या दोन टोकांमधला पातळीचा फरक १.६ मीटर. मानेतून ४ किलोमीटरचा छेद काढला की तोच १.६ मीटरचा फरक ४ किलोमीटरवर येतो : किलोमीटरला ४० सेंटिमीटर, पाचपट. पाण्याची खणण्याची ताकद विसर्ग आणि उतार यांच्या गुणाकाराने वाढते. विसर्ग तोच असताना छेदातली ताकद पाचपट होते.

नदी हा उतार तसा ठेवत नाही. छेदाच्या तोंडाशी तळाला एक पायरी तयार होते आणि ती उगमाकडे सरकत जाते. अखेरीस छेदातही जुना उतार यायचा असेल तर ४ किलोमीटरला ३२ सेंटिमीटर पुरतात, आणि छेदाच्या वरच्या तोंडाशी तळ १.२८ मीटरने खाली जावा लागतो. हा आकडा दर प्रस्तावात ठळकपणे लिहावा असे आम्हाला वाटते. वरच्या बाजूच्या पुलांचे खांब, उपनद्यांची मुखे, पाणी उपसण्याच्या विहिरी या सगळ्यांना तो लागू होतो. मुख्य नदीचा तळ उतरला की उपनद्याही खाली खणत जातात.

आता २४० किलोमीटर लांबी कमी झाल्यावर हाच हिशेब करा. २४० गुणिले ८ सेंटिमीटर, म्हणजे १९ मीटरांहून जास्त. जुना उतार केवळ तळ खणून परत मिळवायचा तर मिसिसिपीला वरच्या टोकाला सहा मजली इमारतीइतके खाली जावे लागले असते. ते होणार नव्हते. मग उरते दोन मार्ग : जास्तीच्या उतारावर जास्त वाळू वाहत राहायची आणि ती खाली टाकायची, किंवा काठ खाऊन नवी वळणे घ्यायची, म्हणजे गेलेली लांबी परत मिळवायची. नदीने दोन्ही सुरू केले.

छेद कसे घातले

पद्धत मात्र उत्तम होती, आणि तिच्यातून अजूनही शिकण्यासारखे आहे. अख्खे नवे पात्र खणले जात नसे. मानेतून पायलट चर काढायचा आणि बाकीचे नदीकडून करून घ्यायचे. फर्ग्युसन यांच्या काळात हायड्रॉलिक ड्रेजर चर खणत, वरच्या तोंडाशी मातीची आड ठेवत आणि नदीची पातळी योग्य झाली की सुरुंगाने ती उडवून देत. डायमंड पॉइंटचा छेद जानेवारी १९३३ मध्ये असा खुला झाला. त्याच वर्षी ग्लासकॉक आणि जाइल्स. नंतर विलो पॉइंट, मार्शल, टार्प्ली, अ‍ॅशब्रुक, रॉडनी, सारा, कॉल्क. शेवटी १९४१-४२ मध्ये जॅक्सन, सनफ्लॉवर आणि हार्डिन.

या यादीचा क्रम पाहण्याजोगा आहे. सुरुवात नॅचेझ-व्हिक्सबर्गच्या बाजूने झाली आणि शेवटचे छेद सर्वांत वरचे. छेदांची मालिका असेल तर काम खालून वर न्यायचे असते. वरचा छेद आधी उघडला तर त्यातून सुटलेली वाळू खालच्या, अजून वळणदार आणि मंद पात्रात अडकते. खालचा आधी उघडला तर वरून येणारी वाळू पुढे जायला वाट असते.

पायलट चराबाबत क्षेत्रात रुळलेले नियम आणि त्यामागची कारणे अशी :

मुख येणाऱ्या प्रवाहाच्या दिशेला स्पर्शरेषेत हवे. प्रवाहाला काटकोनात वळावे लागले तर मुखाशी भोवरा होतो, वाळू बसते आणि चर बंद पडतो. व्हिक्सबर्गच्या कालव्याची गत आठवा. मुख घंटेसारखे पसरट करतात. खालच्या टोकाला तशी गरज पडत नाही, कारण चर खालच्या टोकाकडूनच आधी रुंदावत वर येतो.

चर अगदी सरळ रेषेत नको. थोडा बाक द्यावा, नदीच्या स्वाभाविक बाकापेक्षा सौम्य. सरळ चरात मुख्य धार आज या काठाला, उद्या त्या काठाला लागते आणि कोणता काठ धरायचा हे ठरत नाही. बाक दिला की धूप कुठे होणार ते आधी कळते आणि पिचिंगचा, म्हणजे काठाच्या अस्तराचा, दगड तिथे अगोदर टाकता येतो.

चर उथळ आणि रुंद नको, खोल आणि अरुंद हवा. पुराच्या विसर्गाचा साधारण ८ ते १० टक्के भाग त्यातून गेला पाहिजे. त्याहून लहान चर गाळाने भरतो.

खणलेली माती चराच्या कडेला रचायची नाही. चर रुंदावणार आहे हे गृहीत आहे, तेव्हा ढिगारा भावी काठाच्या बाहेर हवा. नाहीतर तीच माती परत पाण्यात येते.

मानेवर बोअर घेतल्याशिवाय, म्हणजे जमिनीत छिद्रे पाडून खालची माती पाहिल्याशिवाय, जागा ठरवायची नाही. जुनी बुजलेली पात्रे चिकणमातीने भरलेली असतात. असा चिकणमातीचा गठ्ठा वाटेत आला तर नदी तो सहज खात नाही. छेद अरुंदच राहतो, प्रवाह दोन वाटांत विभागतो आणि दोन्हीकडे बोटींना पुरेसे पाणी राहत नाही. वाळू लागली तर उलट, छेद आवाक्याबाहेर झपाट्याने उघडतो. मिसिसिपीच्या खोऱ्याचा, अशा जुन्या पात्रांच्या सविस्तर नकाशांसह, भूशास्त्रीय अभ्यास हॅरॉल्ड फिस्क यांनी १९४४ साली पुरा केला. शेवटचा छेद त्याच्या दोन वर्षे आधी उघडून झाला होता.

आड फोडण्याची वेळ हा नाजूक भाग. पाणी फार कमी असताना फोडली तर जोर नसतो, चरात गाळ बसतो. ऐन पुरात फोडली तर ताबा राहत नाही. पाणी चढत असताना, काठाच्या बरेच खाली असताना उघडणे बरे. चढत्या पाण्याचे पुढचे दिवस चर खणायला मिळतात.

आता नदीकडून करून घेतलेल्या खणाईचे प्रमाण पाहू. समजा चर ४ किलोमीटर लांब, सरासरी ६० मीटर रुंद, ६ मीटर खोल. ड्रेजरने काढलेली माती १४.४ लाख घनमीटर. पूर्ण विकसित पात्र ८०० मीटर रुंद आणि १५ मीटर खोल धरले तर एकूण ४.८ कोटी घनमीटर. माणसाने तीन टक्के खणले, नदीने सत्त्याण्णव. खर्चाच्या पत्रकात हा मोठा नफा दिसतो. पण ती साडेचार कोटी घनमीटरांहून जास्त माती कुठे गेली याचा रकाना त्या पत्रकात नसतो. बारीक गाळ समुद्राकडे जातो. वाळू खालच्या दोन-तीन वळणांवर बसते.

पहिली काही वर्षे

निकाल जोरदार होता. तितक्याच विसर्गाला आर्कान्सा सिटीजवळ पुराची पातळी दहा फुटांहून अधिक खाली आली. व्हिक्सबर्गला साधारण त्याच्या निम्मी घट दिसली. १९३७ च्या मोठ्या पुरात मिसिसिपीच्या या भागातले मुख्य बांध टिकले. तोवर सगळे छेद झालेलेही नव्हते.

ग्रीनव्हिलजवळची तीन कुप्रसिद्ध वेटोळी लेलँड, टार्प्ली आणि अ‍ॅशब्रुक या छेदांनी तुटली. शहर मुख्य नदीपासून बाजूला पडले आणि जुन्या पात्राचे ‘लेक फर्ग्युसन’ झाले. बंदर आजही त्या शांत पाण्यावर चालते, खालच्या तोंडाचा गाळ उपसून. आणखी एक गोष्ट तिथल्या लोकांना भोवली. नदी अचानक वाट बदलते तेव्हा राज्यांची सीमा जुन्याच पात्रात राहते, असा तिथला कायदा आहे. त्यामुळे आर्कान्साची काही जमीन नदीच्या मिसिसिपी राज्याच्या बाजूला गेली. शेत एका तीरावर, तहसील दुसऱ्या तीरावर. नकाशावर छेदाची रेघ ओढताना हा प्रश्न त्याच दिवशी हाताळायला हवा.

मग आला या प्रकरणातला सर्वांत वजनदार निर्णय. १९३६ च्या कायद्याने बफऐवजी युडोरा पूरवाहिनी आणली होती. १९४१ च्या कायद्याने तीही रद्द झाली, आणि आधार होता छेदांमुळे घटलेली पूरपातळी. शेतकऱ्यांना दिलासा मिळाला. तो खरा होता आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर न्याय्यही होता. आपल्या शेतावर दुसऱ्याचा पूर घ्यायला कोण तयार होईल? पण अभियांत्रिकी दृष्टीने पाहता, पहिल्या आठ-नऊ वर्षांत दिसलेली घट कायमची मानून एक कायमचा सुरक्षा-मार्ग बंद केला गेला. शेवटचे दोन-तीन छेद तर अजून उघडतच होते. नदीने अजून उत्तर दिलेले नव्हते.

नंतर काय झाले

मोजण्याची रीत सांगितल्याशिवाय हा भाग कळणार नाही. एखाद्या मापकेंद्रावर तीन विसर्ग निवडायचे : एक उन्हाळी, एक काठोकाठचा, एक पुराचा. दर वर्षी त्या विसर्गाला पाण्याची पातळी किती होती ते प्रत्यक्ष मोजणीतून काढायचे आणि वर्षांपुढे मांडायचे. रेषा खाली जात असेल तर तळ खणला जातोय किंवा पात्र मोकळे होतेय. वर जात असेल तर भरतेय. सावधगिरी एवढीच की चढत्या आणि उतरत्या पुराच्या नोंदी मिसळायच्या नाहीत. त्याच विसर्गाला उतरत्या पुरात पातळी जास्त असते, आणि मिसळल्या की नसलेला कल दिसू लागतो.

या रेषांनी दोन वेगळ्या कथा सांगितल्या. वरच्या टप्प्यात, आर्कान्सा सिटीच्या बाजूला, पातळी दीर्घकाळ खालीच राहिली. तळ खणला जात होता. खालच्या टप्प्यात, नॅचेझच्या बाजूला, सुरुवातीची घट थांबली आणि रेषा पुन्हा वर जाऊ लागली. वरून निघालेली वाळू तिथे पोचत होती. एकाच योजनेचा फायदा एका जिल्ह्याला आणि भार दुसऱ्या जिल्ह्याला, असे हे वाटप होते. पण सरासरी काढली की ते झाकले जाते.

मधल्या काळात काठ अस्वस्थ होते. उतार वाढलेल्या पात्रात मुख्य धार जागा बदलत राहिली, मधोमध वाळूचे पट्टे उभे राहिले, प्रवाह फाटला. १९२८ च्या कायद्याने बोटींसाठी ९ फूट खोल आणि ३०० फूट रुंद वाट राखायची होती; ती आता दर उन्हाळ्यात उपसून काढावी लागे. उपाय म्हणून काठांना अस्तर आणि वाळूच्या पट्ट्यांच्या ठिकाणी दगडी स्पर (काठातून पात्रात काढलेले बांध) यांचा मोठा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. छेदांच्या मूळ हिशेबात तो एवढ्या आकाराचा नव्हता. काठ धरले गेले तसे नदीला वळणे घेऊन लांबी परत मिळवता येईना. मग जास्तीची ताकद तळावर आणि वाळूवर चालली.

१९७३ चा पूर आला तेव्हा काही ठिकाणी पातळी त्या विसर्गासाठी अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. योजनेची पूररेषा नव्याने काढावी लागली, आणि तिला पुरे पडावेत म्हणून बांध पुन्हा उंच करण्याचे काम आले. बांध उंच करणे टाळण्यासाठीच तर छेद निवडले होते.

छेद फसले, असे यावरून म्हणता येणार नाही. वरच्या टप्प्यातला फायदा बऱ्याच अंशी टिकला, बोटींचा फेरा कायमचा वाचला आणि १९२७ सारखी आपत्ती पुन्हा झाली नाही. त्यात बांध, सांडवे, धरणे यांचाही मोठा वाटा आहे. आमचा आक्षेप छेद घालण्याला नाही. पहिल्या मोजणीतला फायदा अंतिम धरला गेला, त्याला आहे.

पुन्हा असे काम करायचे झाल्यास

छेदांमध्ये अंतर ठेवावे, आणि ते वर्षांत न मोजता पुरांत मोजावे. एक छेद उघडल्यावर किमान दोन मोठे पूर जाऊ द्यावेत. शांत पाच वर्षांत नदी काहीच सांगत नाही.

छेद उघडण्याआधी ठरलेल्या आडव्या रेषांवर पात्राच्या रुंदी-खोलीचे मापन करून ठेवावे : वर आणि खाली, तुटलेल्या वळणाच्या लांबीच्या निदान दुप्पट अंतरापर्यंत. त्या रेषांची टोके काठापासून दूर, कायम खुणांवर हवीत. काठावरची खूण पहिल्याच पुरात जाते. दर पुरानंतर तेच मापन. तळ किती उतरला की पुढचा छेद थांबवायचा, हा आकडा आधी लिहून ठेवावा. काम सुरू झाल्यावर यंत्रे उभी असतात, कंत्राटे झालेली असतात, आणि तेव्हा थांबण्याचा आकडा कोणी ठरवत नाही.

काठ धरण्याचा खर्च त्याच मंजुरीत मागावा. ड्रेजरचा खर्च आज आणि पिचिंगचा ‘गरज पडल्यास’ असे लिहिले की योजना स्वस्त दिसते. गरज पडतेच.

फायदा वापरताना राखून वापरावा. पूरपातळी दहा फूट उतरली तर आराखड्यात त्यातले किती धरायचे हे खालच्या टप्प्यातली रेषा ठरवेल, वरच्या टप्प्यातली नाही. आणि पूरवाहिनीसारखा पर्याय रद्द करण्याऐवजी हक्क विकत घेऊन निजलेला ठेवता येतो. बर्ड्स पॉइंट–न्यू माद्रिद ही पूरवाहिनी १९३७ नंतर थेट २०११ साली वापरली गेली. मधली ७४ वर्षे तिथे शेती चालली, आणि लागली तेव्हा ती जागेवर होती.

काही ठिकाणी पूर्ण छेद घालायची गरजच नसते. मानेतून फक्त पुराचे पाणी जाईल असा उथळ मार्ग काढून त्याच्या मुखाशी दगडाचा उंबरा बसवता येतो. नदी रोजची आपल्या वळणातूनच वाहते, लांबी राहते, तळ खणत नाही; काठोकाठच्या वर गेलेले पाणी मात्र जवळच्या वाटेने निघते. पातळी कमी उतरते, हे खरे. उंबरा घसरला तर तो मार्ग पूर्ण छेद होऊन बसतो, म्हणून उंबऱ्याच्या खालच्या बाजूचा दगडी गालिचा जड आणि लांब हवा आणि दर पुरानंतर तपासला पाहिजे. पण वळणाचा वरचा भाग, उपनद्यांची मुखे आणि खालची गावे या सगळ्यांवरचा भार कमी राहतो. मिसिसिपीच्या काही वळणांना हा उपाय पुरला असता असे आमचे मत आहे, विशेषतः खालच्या टप्प्यात.

सध्याची स्थिती

मिसिसिपीवर त्या सोळांनंतर असा कार्यक्रम पुन्हा झाला नाही. नदीला तिच्या सध्याच्या आकारात धरून ठेवणे हेच काम आहे. दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीपासून पाणी उतरले की तराफ्यांचा ताफा निघतो. २५ फूट लांब आणि ४ फूट रुंद पट्टे, प्रत्येकात तीन इंच जाडीचे १६ काँक्रीटचे ठोकळे तारांनी गुंफलेले. ते एकमेकांना बांधून काठापासून मुख्य धारेच्या तळापर्यंत पाण्याखाली गालिचासारखे पसरतात. मागच्या पुराने कुठे खाल्ले ते आधी मोजतात, तिथे पट्टे टाकतात, आणि पाणी चढायच्या आत परततात.